कापलेला पीएफ आणि न भरलेलं चलान: नागपुरातल्या एका सिस्टरचं प्रकरण

नागपुरातल्या एका खासगी रुग्णालयाने साफसफाईचं काम ठेक्याने दिलं होतं. ठेकेदाराची तिथे २२ माणसं, त्यांत बहुतेक बाया. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून महिन्याला १२,००० रुपये. त्यातून भविष्य निर्वाह निधीचे १२ टक्के, म्हणजे १,४४० रुपये, दर महिन्याला कापले जायचे. तेवढेच पैसे मालकाने स्वतःचे घालायचे आणि सगळी रक्कम पीएफ कार्यालयात भरायची, असं तेव्हाचा १९५२ चा कायदा सांगत होता. इथे २६ महिने पैसे कापले गेले आणि एकदाही भरले गेले नाहीत. बायांच्या खिशातून गेलेली रक्कमच ८ लाख २३ हजार ६८० रुपये होते. मालकाचा वाटा धरला तर त्याच्या दुप्पट.

हे प्रकरण ख्रिस्ती मंडळ्यांमधल्या, म्हणजे चर्चमधल्या, अभ्यासवर्गांसाठी रचलेलं आहे. यातलं कोणतंही पात्र एका विशिष्ट माणसाचं चित्र नाही. कायदा, पवित्र शास्त्रातले संदर्भ आणि शहर मात्र खरं आहे. अन्यायाविरुद्ध उभं राहायचं धाडस विश्वासातून कसं येतं, या प्रश्नाला आपल्याकडे फार लवकर उत्तर दिलं जातं: प्रार्थना करा, प्रभू बळ देईल. ते खोटं नाही. पण बळ कोणत्या वाटेने येतं, वाटेत कोण आडवं येतं आणि आडवं येणाऱ्याच्या हातातही पवित्र शास्त्रच कसं असतं, हे कुणी सांगत नाही. म्हणून हे सविस्तर.

रात्रपाळी

प्रकरणातली मुख्य व्यक्ती त्या रुग्णालयातली एक नर्स. वॉर्डात सगळे तिला सिस्टर म्हणतात, आपणही तेच म्हणू. वय चाळिशीच्या पुढे, नोकरी कायम, तिचा स्वतःचा पीएफ वेळेवर भरला जाणारा. जरीपटक्याकडे घर, घराचं कर्ज, मुलगा बारावीत, नवरा एका खाजगी शाळेत शिक्षक. आजोबांच्या काळापासून ख्रिस्ती घर. रविवारची उपासना चुकत नाही, महिला मंडळाची ती चिटणीस.

रात्री दोनच्या सुमारास बेडपॅन धुऊन झाल्यावर एक मावशी नर्सेस स्टेशनवर आली आणि मोबाइल पुढे केला. मुलीच्या अ‍ॅडमिशनसाठी तिला पीएफमधून पैसे काढायचे होते. ‘पाहा बरं सिस्टर, याच्यामंधी काईच दिसून नाही राहिलं. पैसे तं दर महिन्याले कापते ना तो.’ सिस्टरने पासबुक उघडलं. शेवटची नोंद आधीच्या ठेकेदाराच्या काळातली होती, त्यानंतर एक ओळही नाही. मावशीने पदराच्या गाठीतून त्या महिन्याची पगाराची चिठ्ठी काढली. चिठ्ठीवर ‘पीएफ १,४४०’ असं निळ्या शाईत स्वच्छ लिहिलेलं आणि खाली ठेकेदाराचा शिक्का.

तो शिक्का सिस्टरच्या ओळखीचा होता, कारण ठेकेदार तिच्याच मंडळीतला. मंडळीच्या कमिटीवर होता. चर्चच्या छपराचं काम निघालं तेव्हा सगळ्यात मोठं दान त्याचं. उपासना सुटल्यावर दाराशी उभा राहून तो प्रत्येकाशी हात मिळवायचा, म्हाताऱ्यांना ऑटोत बसवून द्यायचा. दुष्ट माणूस असता तर हे प्रकरण सोपं झालं असतं.

सिस्टरने मावशीला सांगितलं, ‘उद्या बघते.’ मग पुष्कळ दिवस बघितलं नाही. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, ‘तुझा तर भरतात ना?’ वाक्य कठोर वाटेल, पण त्यामागे घराच्या हप्त्याचं गणित होतं, आणि ते गणित खोटं नव्हतं.

वचन अंगावर आलं तेव्हा

मधल्या काळात तिने प्रार्थना केलीच. आधीची प्रार्थना होती, ‘प्रभू, त्या बायांची सोय कर.’ या प्रार्थनेत ती स्वतः कुठेच नव्हती. काम देवाचं, अडचण बायांची, आणि ती मध्ये उभी राहून विनंती पोचवणारी.

बदल झाला तो महिला मंडळाच्या एका साध्या बैठकीत. याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय वाचायची पाळी तिची होती. श्रीमंतांनी अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे आणि कापणी करणाऱ्यांच्या आरोळ्या सेनाधीश प्रभूच्या कानी गेल्या आहेत, असं तिथे म्हटलंय. तिथे नुसते मजूरच ओरडत नाहीत. पैसाही ओरडतो. सिस्टरने वाचन पूर्ण केलं, पण त्यावर दोन शब्द बोलायचे होते ते तिला बोलता आले नाहीत. तिच्या पर्समध्ये मावशीच्या चिठ्ठीची झेरॉक्स होती.

माझ्या मते प्रकरणाची पहिली कलाटणी हीच. तिला अजून धाडस आलेलं नव्हतं, भीती तेवढीच होती. पण ‘हे माझं प्रकरण नाही’ ही पळवाट बंद झाली. जे देवाच्या कानी गेलं ते आपल्याही कानी आलंय आणि आपण ‘उद्या बघते’ म्हणालोय, हे तिला टाळता येईना. लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायात तर मजुराचं वेतन एक रात्रसुद्धा आपल्याजवळ ठेवू नको, असा नियम आहे. इथे महिन्यांमागून महिने गेले होते.

पुढे काय करायचं, हेही तिला शास्त्रातच सापडलं. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात येशूने क्रम घालून दिला आहे: भावाने अपराध केला तर आधी एकट्यानेच जाऊन त्याला दाखव, ऐकलं नाही तर एकदोघांना बरोबर घे, तरीही ऐकलं नाही तर मंडळीला सांग. घाबरलेल्या माणसाला या क्रमाचा मोठा आधार असतो. सगळा डोंगर एकदम चढायचा नाही, आज फक्त त्याच्या घरी जायचंय, एवढंच समोर उरतं.

पहिली आणि दुसरी भेट

ती एकटी गेली. ठेकेदाराने बसवलं, चहा दिला, तिचं म्हणणं शांतपणे ऐकलं. ‘ताई, हॉस्पिटलकडून माझी बिलं तीन-तीन महिने अडकतात. पगार तरी मी थांबवला नाही ना कुणाचा? इस्टरपर्यंत सगळं भरून टाकतो.’ बिलं अडकत होती, हे खरंच होतं. सिस्टर तिथून हलक्या मनाने निघाली. भांडण झालं नाही, नातं राहिलं, काम झालं. इथे आपल्यातले बहुतेक जण थांबतात आणि त्याला समेट म्हणतात.

इस्टर झाला. त्या महिन्याच्या चिठ्ठीवरही १,४४० होते आणि पासबुक कोरंच होतं.

दुसऱ्या वेळी तिने दोघांना नेलं. एक मंडळीचे धर्मगुरू, पाळकसाहेब. दुसऱ्या, रेल्वेच्या अकाउंट्समधून निवृत्त झालेल्या एक काकू. ही निवड महत्त्वाची. पाळकसाहेब सलोख्याचं बोलत राहिले, काकूंनी एकच गोष्ट धरून ठेवली: ‘भाऊ, चलान दाखवा.’ त्याने अडचणी सांगितल्या. काकू म्हणाल्या, ‘अडचण समजली. चलान?’ त्याने पुन्हा मुदत मागितली. काकूंनी त्याला सांगितलं की मालकाचा वाटा थकणं ही एक गोष्ट आणि कामगाराच्या पगारातून कापलेला वाटा ठेवून घेणं ही वेगळी. कापलेला पैसा मालकाकडे विश्वासाने सोपवलेला मानला जातो आणि तो न भरणं हा फौजदारी विश्वासघात. तेव्हा भारतीय दंड संहितेच्या कलम ४०५ च्या स्पष्टीकरणात ही तरतूद होती, १ जुलै २०२४ पासून ती भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ मध्ये आहे.

ठेकेदाराचा चेहरा पहिल्यांदा बदलला तो इथे. म्हणाला, ‘ताई, तुम्ही माझ्या घरात बसून मला गुन्हेगार ठरवताय.’

कमिटी

तिसरी पायरी मंडळीची. कमिटीसमोर विषय गेला आणि सिस्टरला खरा विरोध भेटला तो तिथे. विरोध करणारी माणसं वाईट नव्हती आणि त्यांच्याकडे वचनं होती. एकाने करिंथकरांस पहिल्या पत्राचा सहावा अध्याय काढला: भावाने भावाला अविश्वासणाऱ्यांच्या न्यायासनापुढे नेऊ नये. दुसऱ्याने येशूने सांगितलेली क्षमा काढली, सत्तर गुणिले सात वेळा. तिसऱ्याचं म्हणणं सगळ्यांत जड होतं: ‘आपण आधीच मूठभर. दिवस कसे आहेत बघताय. बाहेर बोभाटा झाला तर छापून काय येईल?’

हा तिसरा मुद्दा मी हलका मानत नाही. नागपूरच्या ख्रिस्ती समाजाचं या शहराशी जुनं नातं आहे. मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये इथे आले, त्यांच्या नावाचं कॉलेज १८८३ पासून उभं आहे, म्यूर मेमोरिअल हॉस्पिटल सीताबर्डीत आहे, चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापनाही २९ नोव्हेंबर १९७० रोजी याच शहरात झाली. शिक्षण आणि रुग्णसेवा ही या समाजाची शहरातली ओळख. ती ओळख डागाळेल ही भीती खरी आहे. पण नाव जपायचं कोणाच्या पैशावर? २२ घरांच्या म्हातारपणाच्या पुंजीवर? हा प्रश्न कमिटीत कोणी विचारला नाही.

उत्तर दिलं ते काकूंनीच. प्रेषित पौलाने करिंथकरांना लिहिलं ते दोन भावांच्या आपापसातल्या दाव्यांबद्दल, आणि त्याच अध्यायात तो म्हणतो की तुम्हीच अन्याय करता, तुम्हीच नाडता, तेही भावांना. शिवाय इथे लुबाडलेल्या बाया मंडळीतल्या नाहीतच. बहुतेक इंदोरा-कामठीकडच्या बौद्ध बाया. त्यांच्या वतीने क्षमा करायचा अधिकार कमिटीला कुणी दिला? काकूंनी पंडिता रमाबाईंचंही नाव घेतलं. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्याच्या सरकारी प्लेग रुग्णालयात बायकांची जी अवस्था होती तिच्याविरुद्ध रमाबाईंनी वर्तमानपत्रात जाहीर पत्र लिहिलं. सरकारही ख्रिस्ती राज्यकर्त्यांचं आणि रमाबाईही ख्रिस्ती. आपल्याच धर्माचे म्हणून त्या गप्प बसल्या नाहीत.

मग प्रस्ताव आला: ठेकेदार एक लाख रुपये देईल, ते बायांना ‘मदत’ म्हणून वाटावेत, विषय संपवावा. कमिटीला हायसं वाटलं. सिस्टरने तेव्हा प्रेषितांच्या कृत्यांचा सोळावा अध्याय वाचायची परवानगी मागितली. फिलिप्पैमध्ये पौल आणि त्याचा सोबती सीला यांना चौकशीविना फटके मारून कोंडतात आणि सकाळी गुपचूप सोडून द्यायला निघतात. पौल जायला नकार देतो. उघडपणे मारलंत, आता चोरून घालवता? अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आम्हांला बाहेर काढावं, असं तो सांगतो. तिने वाचलं, खाली बसली. भाष्य केलं नाही.

कमिटीने ठरवलं की या विषयावर प्रार्थना करू. तारीख ठरवली नाही. आपल्या यहूदी लोकांचा जीव वाचवायला राजापुढे गेलेल्या एस्तेर राणीनेही उपास करायला सांगितला होता, पण तो तीन दिवसांचा होता, आणि तिसऱ्या दिवशी ती राजाच्या अंगणात उभी राहिली. मला वाटतं, कमिटीच्या त्या ठरावात कमी होती ती फक्त तारीख, आणि त्याच एका गोष्टीने प्रार्थनेचं चालढकल करण्यात रूपांतर झालं.

अर्ज आणि हजेरीचं रजिस्टर

आता सरकारी कार्यालय उरलं होतं. इथे सिस्टरला धीर आला तो आपल्या मंडळीकडून नव्हे, मावशीकडून. अर्ज लिहायला बाया जमल्या तेव्हा सिस्टर म्हणाली, ‘मावशी, नोकरी जाऊ शकते तुमची. विचार करा.’ मावशी म्हणाली, ‘बाबासाहेबानं कायदा देला ना सिस्टर, मंग भेव कायचं? तुमी फक्त इंग्रजीत लिवून द्या.’ बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. कामगार कायद्यांशी त्यांचं नाव या शहरात उगीच जोडलं जात नाही. दीक्षाभूमीच्या गावात अन्यायाविरुद्ध उभं राहायची एक स्वतंत्र परंपरा आहे आणि ख्रिस्ती माणसाने तिच्यापासून शिकण्यात कमीपणा नाही.

बहुतेक बायांनी चिठ्ठ्या फेकून दिल्या होत्या. एका बाईकडे मात्र सगळ्याच्या सगळ्या २६ निघाल्या, रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत, रबर लावून. अर्जावर १७ जणांनी सह्या-अंगठे केले. पाच जणांनी नाही केले. त्यांना कोणी दोष देऊ नये, त्यांत दोघी विधवा होत्या आणि पुढच्या महिन्याचं भाडं त्यांच्यासमोर होतं.

चौकशी सुरू झाल्यावर ठेकेदाराने सांगितलं की अर्जातल्या अकरा जणी त्या ठिकाणी कामावर नव्हत्याच. त्याच्या मस्टरवर त्यांची नावं नव्हती. पण वॉर्डांत नर्सेस स्वतःचं एक रजिस्टर ठेवत, कोणत्या पाळीला कोणती मावशी आली याचं. ते सिस्टरला माहीत होतं. ती मोबाइलवर फोटो काढून आणू शकली असती. तिने तसं केलं नाही, कारण रजिस्टर रुग्णालयाचं होतं. तिने चौकशी अधिकाऱ्यापुढे स्वतःच्या नावाने लेखी जबाब दिला: असं रजिस्टर आहे, अमुक वॉर्डांत अमुक कपाटात आहे, आणि या अकरा जणींसोबत मी पाळ्या केल्या आहेत.

सगळ्या प्रकरणात तिला खरं भय वाटलं ते या जबाबाचं. आतापर्यंतचं सगळं मंडळीच्या चार भिंतींत होतं. आता कागदावर तिचं नाव, तिचं पद, तिची सही. आदल्या दिवशी मेट्रनने बोलावून सांगितलं होतं, ‘तू यात कुठेच नाहीस. राहूही नकोस.’ सिस्टरने त्या दिवसासाठी रजा टाकली, रद्द केली, पुन्हा टाकली. शेवटी काकूंना फोन करून म्हणाली, ‘माझ्याच्याने होत नाही. तुम्ही सोबत या आणि मला परत फिरू देऊ नका.’ काकू आल्या. नवराही आला. तो बाहेरच्या बाकावर दोन तास बसून राहिला, आत काय चाललंय ते न विचारता.

विश्वासातून धाडस आलं म्हणतो तेव्हा त्यात हे सगळं मोजायला हवं. एस्तेरने आपल्या पालकाला, मर्दखयाला निरोप पाठवला तोसुद्धा ‘माझ्यासाठी उपास करा’ असा होता, आणि शूशन राजधानीतल्या सगळ्या यहूद्यांना गोळा करून. एकटीने छाती काढून जाणारी एस्तेर ग्रंथात नाही. ‘मी नाश पावले तर पावले’ हे ती म्हणते ते माणसं पाठीशी लावून झाल्यावर. सिस्टरने आयुष्यभर हा उतारा एकट्या बाईच्या शौर्याची गोष्ट म्हणून संडे स्कूलमध्ये शिकवला होता.

निकाल आणि त्याची किंमत

अधिकाऱ्याने रजिस्टर मागवलं. नावं जुळली. १९५२ च्या कायद्याच्या कलम ७-अ खाली थकीत रक्कम ठरवली गेली. त्यावर कलम ७-क्यू प्रमाणे वर्षाला १२ टक्के व्याज. आणि इथे बहुतेक कामगारांना माहीत नसलेली गोष्ट पुढे आली: ठेकेदाराने भरलं नाही तर त्याच्या माणसांचा पीएफ भरायची जबाबदारी मूळ मालकाची, म्हणजे रुग्णालयाची. नंतर त्याने ते ठेकेदाराच्या बिलातून वसूल करावेत, कलम ८-अ त्याचसाठी होतं. हे कळल्यावर रुग्णालयाचा आवाज बदलला. रक्कम भरायला सुरुवात झाली. सही न केलेल्या पाच जणींच्याही खात्यात पैसे आले, कारण हक्क सहीवर अवलंबून नव्हता. मावशीची मुलगी मात्र त्या वर्षी अ‍ॅडमिशनला मुकली होती.

सिस्टरला आयसीयूतून काढून बाह्यरुग्ण विभागात टाकलं, कारण न देता. पगारवाढ थांबली. मंडळीत काही घरांनी बोलणं सोडलं. महिला मंडळाच्या निवडणुकीत ती हरली. ठेकेदार दुसऱ्या मंडळीत जाऊ लागला. या शेवटच्या गोष्टीचं तिला सगळ्यांत जास्त वाईट वाटतं. तिला त्याला घालवायचं नव्हतं. येशू जकातदार जक्कयाच्या घरी उतरला आणि जक्कय नाडलेल्यांना चौपट परत करतो म्हणाला. तिच्या मनात तोच शेवट होता. मत्तयाच्या अठराव्या अध्यायातला क्रमही भाऊ परत मिळावा म्हणूनच दिलेला आहे, आणि त्या अर्थाने तिचं काम अपुरं राहिलं असं ती मानते. मी मानत नाही. परत यायची वाट त्याच्यासाठी उघडी होती. चालायचे पाय त्याचे होते.

अभ्यासवर्गात इथे सहसा विचारलं जातं की एवढं सोसून ती तिथेच का राहिली, मंडळी का सोडली नाही. त्याचं उत्तर त्याच वर्षीच्या वार्षिक सभेत मिळतं. हिशेब वाचून झाला, मंजूर करायला हात वर जाऊ लागले, तेव्हा सिस्टर उभी राहिली आणि मंडळीच्या शाळेत साफसफाई करणाऱ्या बायांच्या पीएफची चलानं टेबलावर ठेवावीत अशी तिने मागणी केली. शाळेचा ठेकाही त्याच ठेकेदाराकडे होता. खजिनदार म्हणाले, पुढच्या सभेत बघू. काकूंनी मागच्या रांगेतून तारीख विचारली. पाळकसाहेबांनी इतिवृत्ताची वही आपल्याकडे ओढून घेतली आणि त्यात ३० तारीख स्वतःच्या हाताने लिहिली.